नात्यातील बांधिलकी : ओढ, गुंतवणूक आणि निर्णय यांची गल्लत टाळा

तीन वर्षे एकत्र असलेल्या दोन व्यक्तींमध्ये एखाद्या संध्याकाळी असा संवाद घडतो. एक जण विचारतो, "आपलं पुढे काय ठरवायचं?" दुसरी व्यक्ती फोनवरची नजर न काढता म्हणते, "बघू ना, घाई कुठे आहे?" आणि विषय तिथेच मिटतो. या 'बघू'मागे अनेक अर्थ दडलेले असू शकतात. तू मला हवा आहेस, पण एवढा मोठा निर्णय घेण्याची धास्ती वाटते, हा एक अर्थ झाला. हे नाते मला आवडते, पण त्याच्या भविष्याचा विचार मी आजवर केलेलाच नाही, हा दुसरा. मला यातून बाहेर पडायचे आहे, पण ते तोंडावर सांगवत नाही, हा तिसरा. विचारणारा मात्र नेमके काय ते पुन्हा विचारत नाही. त्याला सर्वांत सोयीचा किंवा सर्वांत जास्त घाबरवणारा अर्थ तो उचलतो, आणि पुढचे कित्येक महिने नाते त्या एकतर्फी अर्थावर चालत राहते.

'कमिटमेंट' हा शब्द आपण सर्रास वापरतो, परंतु बोलणाऱ्याच्या मनात त्या शब्दाने कधी प्रेमाची उत्कटता असते, कधी एकनिष्ठता, कधी लग्नाचे वचन, तर कधी नुसती सवय. मानसशास्त्रात त्याला बराच नेमका अर्थ आहे : हे नाते दीर्घकाळ टिकवण्याचा इरादा, त्या नात्याशी मनाने जोडलेले असणे, आणि पुढच्या आयुष्याचे चित्र रंगवताना ते नाते त्यात धरलेले असणे. सामाजिक मानसशास्त्रज्ञ कॅरिल रसबल्ट यांनी 1980 च्या सुमारास जो विचार मांडला, तो या क्षेत्रात आजही पायाभूत मानला जातो. त्यांच्या मते बांधिलकी तीन गोष्टींतून घडते : नात्यातून मिळणारे समाधान, नात्याबाहेर उपलब्ध असलेल्या पर्यायांचे आकर्षण, आणि नात्यात आजवर घातलेली गुंतवणूक. समाधान आणि गुंतवणूक वाढली की बांधिलकी वाढते. पर्याय आकर्षक वाटू लागले की ती सैलावते. 2003 साली 52 अभ्यासांतील 11,000 हून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा माणसामाणसांतील बांधिलकीच्या फरकापैकी जवळपास दोनतृतीयांश फरक या तीन घटकांनी मिळून उलगडतो, असे दिसून आले. नात्यांतील बहुतेक गोंधळ हे तीन धागे वेगळे न ओळखल्यामुळे होतात, असे माझे मत आहे, आणि खाली सांगितलेल्या चुकांच्या मुळाशीही बहुधा हीच गल्लत आहे.

ओढ ओसरली म्हणजे बांधिलकी संपली, असे समजणे

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी 1986 मध्ये प्रेमाचे तीन घटक सांगितले : जवळीक, उत्कटता आणि निर्णय किंवा बांधिलकी. या तिघांची चाल एकसारखी नसते. उत्कटता झपाट्याने चढते आणि तशीच उतरते. जवळीक सावकाश वाढते आणि मुरल्यावर ती जाणवेनाशी होते, दूर गेल्यावरच तिचा पत्ता लागतो. उत्कटता उतरू लागली की 'आता माझे हिच्यावर प्रेम राहिले नाही' असा निष्कर्ष काढणारी व्यक्ती एका घटकाचे माप संपूर्ण नात्याला लावत असते. उलट बाजूने, नवी ओळख झाल्यावर दोन आठवड्यांत 'मी आयुष्यभर तुझाच' असे म्हणणारी व्यक्तीही तीच चूक करते. तिचे शब्द खोटे नसतात, पण ते उत्कटतेच्या तोंडचे असतात.

यावर उपाय म्हणून स्वतःला एकच मोठा प्रश्न विचारण्याऐवजी तीन लहान प्रश्न वेगवेगळे विचारावेत आणि उत्तरे लिहून काढावीत. गेल्या महिन्यात या नात्याने मला काय दिले? हे नाते नसते, तर माझे आयुष्य कसे असते, असे मला खरोखर वाटते? आणि बाहेर पडलो, तर माझे नेमके काय हातचे जाईल? हे प्रश्न भांडणाच्या रात्री किंवा वाढदिवसाच्या दिवशी विचारू नयेत. साध्या, काहीही न घडलेल्या दिवशी विचारावेत, आणि तीन-चार आठवड्यांनी जुनी उत्तरे न वाचता पुन्हा लिहावेत. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोणते उत्तर मनःस्थितीचे होते आणि कोणते टिकाऊ आहे, हे पुष्कळ अंशी कळून येते.

समाधान गौण आहे, असा मात्र याचा अर्थ कोणी घेऊ नये. रसबल्ट यांच्या तीन घटकांत बांधिलकीशी सर्वांत घट्ट संबंध समाधानाचाच आढळला आहे. सुदैवाने ते पूर्णपणे नशिबावर सोडलेले नसते. एली फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 120 विवाहित जोडप्यांचा दोन वर्षे अभ्यास करून त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षी जोडप्यांचे सरासरी समाधान हळूहळू घसरत होते. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना दर चार महिन्यांनी सात मिनिटांचे एक लेखन करायला सांगितले : दोघांचेही भले चिंतणारी एखादी तटस्थ व्यक्ती आपल्यातला अलीकडचा वाद कसा पाहील, हे लिहायचे. वर्षाकाठी एकूण 21 मिनिटे. या जोडप्यांची घसरण थांबली. उरलेल्यांची चालू राहिली. भांडणे कमी झाली नव्हती, पण त्या भांडणांचा मनस्ताप कमी झाला होता. एवढ्या थोड्या श्रमात करून पाहण्याजोगा दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

गुंतवणुकीलाच बांधिलकी मानणे

मराठीत 'गुंतवणे' आणि 'गुंतणे' ही एकाच धातूची रूपे आहेत, आणि या विषयात ते फार अर्थपूर्ण आहे. नात्यात आपण वेळ घालतो, पैसा घालतो, मित्रपरिवार एक करतो, कोणालाही न सांगितलेली गुपिते सांगतो. ही सगळी गुंतवणूक करता करता आपण त्या नात्यात गुंतून जातो. इथवर काही वावगे नाही. चूक घडते ती पुढे, जेव्हा 'मला राहायचे आहे' आणि 'मला निघता येत नाही' यांतला फरक आपण मिटवून टाकतो.

स्कॉट स्टॅन्ली आणि हॉवर्ड मार्कमन यांनी 1992 मध्ये हा फरक स्पष्ट केला. त्यांच्या मांडणीत बांधिलकीचे दोन प्रकार आहेत. एक समर्पणाची, म्हणजे जोडीदाराचे आणि नात्याचे भले व्हावे म्हणून स्वेच्छेने झटण्याची. दुसरी बंधनाची, म्हणजे नाते मोडल्यास जी किंमत मोजावी लागेल तिच्यामुळे टिकून राहण्याची. बंधन ही वाईट गोष्ट आहे असे मी म्हणणार नाही. समर्पणाला ओहोटी लागलेल्या काळात तेच नाते तगवून धरते, आणि दोन-चार महिन्यांच्या वाईट काळात जोडपी तडकाफडकी वेगळी होत नाहीत याचे बरेचसे श्रेय त्यालाच जाते. परंतु समर्पण आटून वर्षे लोटली आणि फक्त बंधन उरले, तर माणसाची अवस्था 'धरले तर चावते, सोडले तर पळते' अशी होते.

रसबल्ट यांच्या 1983 च्या अभ्यासातील एक निरीक्षण मला फार बोलके वाटते. विद्यार्थ्यांच्या प्रेमसंबंधांचा त्यांनी अनेक महिने मागोवा घेतला होता. ज्यांना शेवटी जोडीदाराने सोडले, त्यांचे समाधान त्या काळात फारसे वाढत नव्हते, बाहेरचे पर्यायही अधिकाधिक कमी आकर्षक होत होते. आणि तरीही ते नात्यात गुंतवणूक करीतच राहिले होते. एखादी व्यक्ती जोडीदाराच्या थंड वागण्याला अधिक मोठ्या भेटी, अधिक लांब संदेश आणि अधिक त्याग यांनी उत्तर देऊ लागते, तेव्हा नेमके हेच घडत असते. गुंतवणूक वाढवल्याने तिची स्वतःची बांधिलकी वाढते, जोडीदाराची वाढत नाही. म्हणून असा काळ चालू असेल, तर नवी भर घालणे काही आठवडे थांबवावे आणि समोरून काय येते, ते शांतपणे पाहावे. ही शिक्षा नाही आणि सापळाही नाही. जोडीदाराला ते आधी सांगितले तरी चालते.

आधी घातलेले, परत न मिळणारे वाया जाऊ नये म्हणून अडकून राहण्याच्या, म्हणजे बुडीत खर्चाच्या मोहावर एक सल्ला नेहमी दिला जातो : 'आज नव्याने ओळख झाली असती, तर हीच व्यक्ती निवडली असती का, असे स्वतःला विचारा.' हा प्रश्न मला अपुरा वाटतो, कारण नात्यातील भूतकाळ हा केवळ झालेला खर्च नसतो. आजारपणात काढलेल्या रात्री, एकमेकांच्या आईवडिलांशी जुळलेली माया, दोघांनाच कळणारे शब्द, हे आजही काही तरी देत असतात. तेव्हा भेद असा करावा : जी गुंतवणूक अजून फळ देते, ती निर्णयात जरूर धरावी, जिचे फक्त 'एवढे केले, ते वाया जाईल' एवढेच म्हणणे उरले आहे, ती निर्णयातून वगळावी.

याच ठिकाणी एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. रसबल्ट आणि जॉन मार्ट्झ यांनी 1995 मध्ये मारहाणीमुळे आसरागृहात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी कोण पुन्हा त्याच जोडीदाराकडे परतेल, याचा बांधिलकीशी ठळक संबंध दिसला. आणि ज्यांचे आर्थिक पर्याय तुटपुंजे होते व नात्यातील गुंतवणूक मोठी होती, त्यांच्यात ही बांधिलकी अधिक होती. 'एवढे होऊनही ती परत का जाते?' असा प्रश्न स्वभावदोष शोधत विचारला जातो, तो म्हणूनच अन्यायाचा आहे. जिथे मारहाण, धमकी किंवा सततची पाळत आहे, तिथे या लेखातील दुरुस्तीचे कोणतेही उपाय करू नयेत. तिथे आधी विश्वासू व्यक्तीची आणि मदत करणाऱ्या संस्थेची गाठ घ्यावी, आणि निघण्याचा निर्णय जोडीदाराला एकांतात सांगण्यापूर्वी सुरक्षित जागा, कागदपत्रे व पैसे यांची तजवीज करावी.

न ठरवता पुढे सरकत जाणे

आठवड्यातून दोन दिवस एकाच्या घरी राहणे होते, मग चार दिवस होते. कपाटातला एक कप्पा रिकामा केला जातो. भाड्याचा करार संपतो, तेव्हा दुसरे घर शोधण्यापेक्षा इथेच राहणे सोपे वाटते. वर्षभराने ओळखीचे लोक त्यांना एकत्र राहणारे जोडपे म्हणू लागतात, पण 'आपण एकत्र राहायचे का?' हा प्रश्न दोघांपैकी कोणीच उच्चारलेला नसतो. स्टॅन्ली, मार्कमन आणि गॅलेना ऱ्होड्स यांनी 2006 मध्ये या प्रकाराला 'ठरवणे' आणि 'घसरत जाणे' अशा जोडीतून नाव दिले. घसरत जाण्यात धोका असा, की समर्पण पक्के होण्याआधीच बंधने वाढतात. सामाईक घर, सामाईक वस्तू, सामाईक हप्ते यांमुळे बाहेर पडणे अवघड होते, आणि ज्या दोघांनी एरवी एकमेकांची निवड केली नसती, ते केवळ गतीच्या जोरावर लग्नापर्यंत येऊन पोहोचतात.

एकत्र राहण्यात दोष आहे, असा याचा अर्थ नाही. दोष न बोलण्यात आहे. म्हणून जी पायरी चढल्यावर माघारी येणे महाग पडते, त्या प्रत्येक पायरीआधी थांबून बोलावे : एकत्र राहणे, सामाईक कर्ज, एकाने दुसऱ्यासाठी शहर किंवा नोकरी बदलणे, मूल. बोलताना 'तुला याचा अर्थ काय वाटतो?' हा प्रश्न दोघांनीही विचारावा. एकाला ते लग्नाच्या दिशेचे पाऊल वाटत असेल आणि दुसऱ्याला भाडे वाचवण्याची सोय, तर ते आजच कळलेले बरे. असे बोलणे रुक्ष वाटते, त्यातली गंमत जाते, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. मला ते पटत नाही. कोणी तरी आपल्याला ठरवून निवडले आहे, या जाणिवेची ऊब घरंगळत एकत्र येण्यात मिळत नाही.

खात्री मागत राहणे आणि परीक्षा घेणे

जोडीदाराच्या बांधिलकीविषयी शंका आली, की माणसे साधारणपणे दोन मार्ग धरतात. काही जण पुन्हा पुन्हा विचारतात : 'तू मला सोडून जाणार नाहीस ना?' उत्तराने तासभर बरे वाटते, मग शंका परतते, आणि विचारण्याची वेळ दरवेळी अलीकडे येते. काही जण विचारतच नाहीत. मुद्दाम अबोला धरून, तिसऱ्या व्यक्तीचे कौतुक करून किंवा भांडणात 'मग वेगळेच होऊ या' असे म्हणून ते समोरच्याची परीक्षा घेतात. हा दुसरा मार्ग अधिक घातक आहे. झिमेना अरियागा आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवून दिले, की जोडीदाराची बांधिलकी किती आहे असे वाटते, याइतकेच ते वाटणे किती वरखाली होते, हेही महत्त्वाचे असते. ज्यांना ती कधी भक्कम, कधी डळमळीत भासत होती, त्यांची नाती मोडण्याची शक्यता जास्त होती. प्रत्येक भांडणात ब्रेकअपची भाषा करणारी व्यक्ती जोडीदाराच्या मनात हेच हेलकावे निर्माण करते, मग तिचे स्वतःचे प्रेम कितीही अस्सल असो.

भांडणात नाते पणाला लावायचे नाही, हा नियम दोघांनी शांत असताना ठरवून घ्यावा. खरोखरच वेगळे होण्याचा विचार असेल, तर तो वाद निवळल्यावर, त्याच एका विषयासाठी बसून सांगावा. सतत खात्री मागण्याची सवय असेल, तर मागणीला ठोस रूप द्यावे. 'माझ्यावर प्रेम कर' ही मागणी कधीच पुरी होत नाही. 'उशीर होणार असेल, तर आठच्या आत कळव' ही होते. ती महिनाभर नियमाने पुरी झाली, की मनाला जो आधार मिळतो, तो शंभर आश्वासनांनी मिळत नाही. आणि ठोस मागण्या पुऱ्या होऊनही भीती तशीच राहत असेल, तर तिचे मूळ बहुधा या नात्याच्या आधीचे आहे; अशा वेळी जोडीदारापेक्षा समुपदेशकाशी बोलणे अधिक उपयोगी पडते.

मुकाट सोसण्याला निष्ठा म्हणणे

रसबल्ट यांनी नात्यातील असमाधानाला माणसे चार प्रकारे सामोरी जातात, असे सांगितले होते : निघून जाणे, बोलून सोडवणे, विश्वासाने वाट पाहणे आणि दुर्लक्ष करून नाते कुजू देणे. यांतला तिसरा मार्ग आपल्याला फार थोर वाटतो. 'मी काही बोललो नाही, सहन केले' असे म्हणताना माणसाला आपण नात्यासाठी मोठे काही केले असे वाटते. पण संशोधनात असे आढळले आहे, की असे शांतपणे वाट पाहणे जोडीदाराच्या बहुधा लक्षातच येत नाही. त्याला काही बिघडले होते हे ठाऊक नसते, म्हणून तुम्ही सांभाळून घेतले हेही ठाऊक नसते. मग वर्षांनंतर साचलेले सगळे एकदम बाहेर पडते, आणि ऐकणारा थक्क होऊन विचारतो, "हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

जोडीदार तुसडेपणाने बोलला असता तसेच उत्तर न देणे, हा संयम मात्र वेगळा आणि अत्यंत मोलाचा आहे. बांधिलकी असलेल्या व्यक्तींना तो अधिक जमतो, हेही दिसून आले आहे. दोन्ही जुळवायचे, तर क्रम असा ठेवावा : त्या क्षणी प्रत्युत्तर टाळावे, आणि एकदोन दिवसांत, आवाज न चढवता, 'परवा तू जे म्हणालास ते मला लागले' एवढे तरी सांगून टाकावे.

पर्यायांचा दरवाजा किलकिला ठेवणे

नात्यात असतानाही जुन्या ओळखी 'असू द्याव्यात' म्हणून जिवंत ठेवणे, डेटिंग अ‍ॅपवरचे खाते न काढणे, मनातल्या मनात तुलना करीत राहणे, याने सावधगिरी साधते असे वाटते. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बांधिलकी असलेल्या व्यक्ती आकर्षक पर्यायांना आपोआप कमी लेखतात, असे आढळले. बांधिलकी असलेले मनच नात्याचे असे संरक्षण करते. दरवाजा मुद्दाम उघडा ठेवणारा माणूस या संरक्षणाविरुद्ध काम करीत असतो. उपाय साधा आहे : खाते काढून टाकावे, आणि जोडीदारासमोर दाखवता येणार नाही अशी संभाषणे थांबवावीत.

दोघांची बांधिलकी समान आहे, असे गृहीत धरणे

समाजशास्त्रज्ञ विलार्ड वॉलर यांनी 1938 मध्येच नोंदवून ठेवले, की ज्या व्यक्तीला नाते टिकवण्यात कमी रस असतो, तिच्या हाती नात्याची सूत्रे जातात. भेटायचे कधी, बोलायचे कशावर, पुढे जायचे की नाही, हे तीच ठरवते, कारण गमावण्याची भीती दुसऱ्याला जास्त असते. ही विषमता थोड्या काळापुरती असेल, तर घाबरण्याचे कारण नाही; दोन माणसे एकाच वेगाने एकाच जागी पोहोचत नाहीत. मात्र ती कायमची झाली, तर अधिक गुंतलेली व्यक्ती हळूहळू आपल्या गरजा सांगणेच सोडून देते.

ती ओळखायला भाषा मदत करते. क्रिस्टोफर अ‍ॅग्न्यू आणि सहकाऱ्यांना 1998 मध्ये आढळले, की बांधिलकी जितकी जास्त, तितकी माणसे नात्याविषयी सांगताना अनेकवचनी सर्वनामे अधिक वापरतात. मराठीत समोरच्याला सामावून घेणारे 'आपण' आहेच. पुढच्या वर्षाविषयी बोलताना जोडीदाराच्या बोलण्यात 'आपण' सहज येते, की प्रत्येक बेत 'मी'ने सुरू होऊन 'मी'नेच संपतो, हे काही दिवस ऐकून पाहावे. एवढ्यावरून निकाल लावू नये, पण बोलण्याची सुरुवात म्हणून ते पुरेसे आहे.

ते बोलणे करताना आधी स्वतःची बाजू सांगावी : "मला तुझ्यासोबत पुढचं आयुष्य काढायचं आहे, आणि तुझ्या मनात काय आहे ते मला कळत नाही." मग उत्तरासाठी वेळ द्यावा, पण मुदतीसह, दोन महिने म्हटले, तर तारीख दोघांनी मिळून ठरवावी. मधल्या काळात विषय पुन्हा पुन्हा उकरू नये. त्या दिवशी उत्तर पुन्हा 'बघू' असेच आले, तर काय बघायचे आहे, ते विचारावे. नोकरीचा निकाल, घरच्यांशी करायचे बोलणे, स्वतःच्या मनातली एखादी ठराविक भीती, असे काही नाव घेऊन सांगता आले, तर आणखी एकदा मुदत द्यावी. सांगता आले नाही, तर यापुढे त्याच्या निर्णयाची वाट पाहायची नाही, स्वतःचा निर्णय घ्यायचा.